ग्रँड सेकोचं ‘व्हाइट बर्च’ की ‘स्नोफ्लेक’: डायल, मशीन आणि रोजचा वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रँड सेको या सेकोच्या महागड्या जपानी ब्रँडची ‘व्हाइट बर्च’ आणि ‘स्नोफ्लेक’ ही दोन घड्याळं मनात भरली आहेत, पण घ्यायचं एकच आहे. एवढे पैसे नुसत्या सुंदर डायलचे आहेत का? दोघांपैकी अस्सल मेकॅनिकल कोणतं? आणि मुंबईच्या दमट हवेत रोज वापरलं तर काय बिघडू शकतं?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दुकानातसुद्धा त्याचं उत्तर नीट मिळत नाही. ‘व्हाइट बर्च’, म्हणजे एसएलजीएच ००५, पूर्णपणे मेकॅनिकल आहे. कमान (चावी दिल्यावर ताकद साठवणारी स्प्रिंग), दातेरी चाकं, एस्केपमेंट (चाकांना ठोक्याठोक्यानं पुढे सोडणारा भाग), बॅलन्स (मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं चाक). विजेचा कुठेही संबंध नाही. ‘स्नोफ्लेक’, म्हणजे एसबीजीए २११, अर्धं त्या बाजूचं आणि अर्धं दुसऱ्या. त्यातही कमान आहे, चाकंही आहेत आणि बॅटरी नाही, पण शेवटी बॅलन्सऐवजी एक चाक एकाच दिशेनं सेकंदाला आठ फेरे घेतं. त्याच्या फिरण्यातून अगदी किंचित वीज तयार होते. त्या विजेवर ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक आणि एक चिप चालते, आणि ती चिप त्याच चाकाला चुंबकीय ब्रेक लावून वेग काबूत ठेवते. याला स्प्रिंग ड्राइव्ह म्हणतात. योशिकाझु आकाहाने या अभियंत्यानं ही कल्पना १९७७ मध्ये मांडली आणि घड्याळ बाजारात यायला १९९९ साल उजाडलं. ग्रँड सेकोमध्ये ती २००४ साली ९आर६५ या मशीनच्या रूपानं आली. अचूकता महिन्याला अधिक-उणे १५ सेकंद. कुठलंही नेहमीचं मेकॅनिकल घड्याळ याच्या जवळपास जात नाही.

त्यामुळे टिकटिक करणारा बॅलन्स हवा असेल तर ‘स्नोफ्लेक’ यादीतून काढा, कितीही आवडलं तरी. तो सरकता सेकंद काटा बघून भुरळ पडते हे मान्य, पण नंतर ‘हे पूर्ण मेकॅनिकल नाही’ अशी रुखरुख लागणारेही कमी नसतात.

आता डायलचे पैसे. ग्रँड सेकोची मेकॅनिकल घड्याळं जपानच्या उत्तरेला, इवाते प्रांतातल्या शिझुकुइशी गावात बनतात. तिथला स्टुडिओ २०२० मध्ये सुरू झाला. केंगो कुमा या वास्तुविशारदानं आखलेली लाकडी इमारत आहे आणि समोर इवाते पर्वत. स्प्रिंग ड्राइव्ह मात्र नागानो प्रांतात, शिओजिरीला तयार होतं. ‘स्नोफ्लेक’चा डायल त्या डोंगराळ भागात वाऱ्यानं कोरलेल्या बर्फाच्या थरावरून घेतलेला आहे. ‘व्हाइट बर्च’चा डायल शिझुकुइशीच्या परिसरातल्या बर्चच्या जंगलावरून. हा बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा सख्खा भाऊबंद, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या. एसएलजीएच ००५ च्या डायलवरच्या उभ्या, वेड्यावाकड्या, खोल रेघा म्हणजे दाटीनं उभी असलेली खोडं. २०२४ साली आलेल्या, हातानं चावी द्यायच्या एसएलजीडब्ल्यू ००३ मध्ये तेच झाड आहे, पण रेघा आडव्या, खुद्द सालीवर असतात तशा.

या डायल्सचं मर्म रंगापेक्षा उजेडात आहे, म्हणून ते दुकानातल्या स्पॉटलाइटखाली कधीच कळत नाही. बनवण्याची रीत समजली की कारण लक्षात येतं. नक्षी आधी पोलादी ठशावर कोरली जाते. तो ठसा धातूच्या पातळ चकतीवर दाबतात, आणि एकदाच नाही, अनेक वेळा, कारण एका दणक्यात खोल रेघ उमटवायला गेलं तर पत्रा ताणला जातो किंवा कडांना भेगा पडतात. मग चांदीसारखा मुलामा, त्यावर पारदर्शक लॅकरचे थर, मग पॉलिश, मग छपाई, आणि शेवटी तासांच्या पट्ट्या बसवायच्या. पट्ट्या चिकटवलेल्या नसतात. त्यांच्या पायांसाठी डायलला भोकं पाडलेली असतात. यातली नाजूक जागा लॅकरची आहे. थर जाड झाला की रेघांच्या खोलगट भागात साचतो आणि नक्षी बोथट दिसते. पातळ राहिला तर पृष्ठभाग सपाट होत नाही आणि वरून नजर फिरवताना डायल खडबडीत वाटतो. चांगल्या डायलमध्ये नक्षी काचेखालच्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखी दिसते: वरचा थर गुळगुळीत, खालची रेघ धारदार.

म्हणून घड्याळ बघायचं ते असं. विक्रेत्याला सांगून खिडकीशी जा. उजेड डावीकडून किंवा उजवीकडून, डायलला जवळपास समांतर यायला हवा. मनगट सावकाश पंधरा-वीस अंश कलवा. ‘व्हाइट बर्च’च्या रेघांच्या एका काठावर चांदी आणि दुसऱ्यावर सावली दिसेल, कलवल्यावर दोघी जागा बदलतील. मग पाठ उजेडाकडे करून, स्वतःच्या सावलीत बघा. तिथे डायल साधा पांढरट होतो आणि काटे मात्र काळ्या-पांढऱ्या धारांसह उठून दिसले पाहिजेत. या दोन्ही घड्याळांच्या डायलवर अंधारात चमकणारा रंग अजिबात नाही. सिनेमाघरात वेळ दिसते ती काट्यांच्या पैलूंवर पडदा परावर्तित होतो म्हणून, आणि ती बऱ्यापैकी दिसतेही, पण मध्यरात्री पूर्ण काळोखात काही दिसणार नाही.

ऋतूंचा विषय निघालाच आहे तर एक मालिका मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २०१९ मध्ये आधी अमेरिकेच्या बाजारासाठी चार घड्याळं निघाली, जपानी पंचांगातल्या ‘सेक्की’वर बेतलेली. सेक्की म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस टप्पे. आपल्या संक्रांती तीस-तीस अंशांच्या आणि निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या) गणनेच्या, म्हणून मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. सेक्की सायन (वसंत संपातापासून मोजलेली) असल्यानं सूर्य २७० अंशांवर पोचण्याचा त्यांचा दिवस २१-२२ डिसेंबरला असतो. या चौघांत वसंत संपाताचं ‘शुनबुन’ (एसबीजीए ४१३) आणि डिसेंबरमधल्या मोठ्या हिमवर्षावाचं ‘ताइसेत्सु’ (एसबीजीए ४१५) ही टायटॅनियममध्ये आणि स्प्रिंग ड्राइव्ह मशीनसह आहेत. मेच्या सुरुवातीचं हिरवं ‘रिक्का’ (एसबीजीएच २७१) आणि शरद संपाताचं निळं ‘शुउबुन’ (एसबीजीएच २७३) ही स्टीलमध्ये आणि मेकॅनिकल ९एस८५ मशीनसह. चौघांचाही आकार १९६७ च्या ६२जीएस या कंपनीच्या पहिल्या ऑटोमॅटिक ग्रँड सेकोवरून घेतलेला, ४० मिमीचा. ‘शुनबुन’चा डायल फोटोत गुलाबी दिसतो म्हणून अनेकजण त्याच्यावर फुली मारतात. प्रत्यक्षात सावलीत तो राखाडी-रुपेरी असतो आणि तिरप्या उजेडातच त्यावर फिकी गुलाबी झाक येते. फोटोवरून यातलं कुठलंही घड्याळ ठरवू नका.

डायल इतका खुलतो त्यात केसचाही, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचाही, हात आहे. इथे ‘झारात्सु’ पॉलिशचं नाव हमखास निघतं, आणि त्याबद्दल गैरसमजही तितकेच. हे नाव साल्लाझ या जुन्या युरोपीय पॉलिश-यंत्राच्या नावाचा जपानी उच्चार आहे. नेहमीच्या बफमध्ये कापडी चाकाच्या कडेवर धातू धरतात. चाक मऊ असल्यानं ते धातूच्या कडा खातं आणि सपाट पृष्ठभागाला किंचित फुगवटा येतो. झारात्सुमध्ये फिरत्या चकतीच्या सपाट तोंडावर केस हातानं दाबून धरतात. कोन आणि दाब दोन्ही कारागिराच्या हातात. त्यातून पृष्ठभाग खरोखर सपाट होतो आणि दोन पृष्ठभागांमधली कड सुरीसारखी राहते. अंतिम चमक त्यानंतरच्या हलक्या पॉलिशनं येते. १९६७ च्या ४४जीएसपासून सेकोचे डिझायनर तारो तानाका यांनी आखलेल्या नियमांचा हाच गाभा आहे: सपाट पृष्ठभाग, आरशात वाकडं प्रतिबिंब नाही, आणि उजेड-सावलीची स्पष्ट सीमा.

तपासायचं कसं? ट्यूबलाइटखाली उभं राहून लग्सच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, चकचकीत बाजूवर ट्यूबचं प्रतिबिंब पाडा आणि घड्याळ हळू फिरवा. प्रतिबिंब सरळ रेषेत सरकत कडेला येऊन एकदम तुटलं पाहिजे. कडेजवळ ते वाकलं किंवा पसरलं तर त्या केसवर कुणीतरी बफ मारलेला आहे. जुनं घड्याळ घेताना मी आधी हे बघायला सांगेन, मशीन नंतर. मशीनची सर्व्हिस होते. खाल्लेली कड परत येत नाही, फार तर कंपनीकडे केस पुन्हा घडवून मिळते आणि तेव्हाही थोडा धातू जातोच.

जुन्या ‘स्नोफ्लेक’बद्दल एक भर. हे घड्याळ मुळात २००५ मध्ये एसबीजीए ०११ म्हणून आलं. २०१७ साली ग्रँड सेको स्वतंत्र ब्रँड झाला, १२ च्या खालचं ‘सेको’ हे नाव गेलं, त्या जागी ‘ग्रँड सेको’ आलं आणि क्रमांक २११ झाला. मशीन ९आर६५ तेच, डायलही तोच. डायलवर ‘सेको’ छापलेलं दिसलं म्हणून नकली समजू नका, आणि ०११ साठी २११ चा भावही देऊ नका.

आता खरा खर्च कुठे झालाय तिकडे वळू. एसएलजीएच ००५ मधलं ९एसए५ मशीन २०२० मध्ये, ग्रँड सेकोच्या साठाव्या वर्षी, आलं. २०२१ साली हे घड्याळ अमेरिकेत ९,१०० डॉलरला निघालं आणि त्याच वर्षी जिनिव्हाच्या ग्रां प्री स्पर्धेत पुरुषांच्या घड्याळांचं पारितोषिक त्याला मिळालं. लोकांनी श्रेय डायलला दिलं. घड्याळजीच्या नजरेतून पाहिलं तर त्या किमतीला जागणारी गोष्ट मागच्या काचेतून दिसते.

९एसए५ तासाला ३६,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला दहा. जास्त ठोक्यांचा फायदा असा की हाताच्या धक्क्यानं बॅलन्स बिचकला तरी लवकर सावरतो. तोटा ताकदीचा. २८,८०० वरून ३६,००० वर जाताना बॅलन्सचं जडत्व आणि झोका तोच ठेवला तर लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २००९ च्या ९एस८५ मध्ये म्हणूनच पूर्ण चावीवर ५५ तास मिळतात. ९एसए५ मध्ये ८० मिळतात, तेही मशीन आधीच्यापेक्षा सुमारे १५ टक्के बारीक करून. हे तीन मार्गांनी साधलं. कमानीचे डबे दोन केले. चाकं एकावर एक रचण्याऐवजी आडवी पसरली. आणि एस्केपमेंट बदललं.

तिसरा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. नेहमीच्या स्विस लिव्हर पद्धतीत एस्केप चाकाचा दात पॅलेटच्या, म्हणजे चाक आणि बॅलन्स यांच्यामधल्या छोट्या दांडीच्या, माणकावर घसरत जातो, पॅलेट बॅलन्सला ढकलतं. दोन्ही दिशांना असंच. घसरण्यात घर्षण, घर्षणात ताकद वाया, आणि तेल सुकलं की झोका कमी. ९एसए५ मध्ये एका दिशेला एस्केप चाकाचा दात थेट बॅलन्सला टोला देतो, पॅलेट मध्ये येतच नाही. परतीच्या दिशेला नेहमीसारखं पॅलेटमार्फत. ओमेगाच्या को-ॲक्सिअलमध्येही एक टोला थेट आणि एक लिव्हरमार्फत असतो, पण त्याच्या चाकाची रचना वेगळी आहे. पॅलेट आणि एस्केप चाक कातून बनवलेले नाहीत. साच्यात विद्युतलेपनानं धातू वाढवून घडवलेले आहेत, त्यामुळे ते पोकळ नक्षीचे, हलके आणि कडेला अतिशय नेमके आहेत. दर ठोक्याला हे चाक थांबून पुन्हा सुरू होतं, दिवसाला ८,६४,००० वेळा. तिथे वाचलेलं प्रत्येक मिलिग्रॅम उपयोगी पडतं.

बॅलन्स ‘फ्री-स्प्रंग’ आहे. जुन्या ९एस८५ किंवा ९एस६५ मध्ये हेअरस्प्रिंगला (बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) धरणारा एक काटा असतो. तो सरकवला की स्प्रिंगची कामाची लांबी बदलते आणि घड्याळ पुढे-मागे होतं. ९एसए५ मध्ये तो काटाच नाही. बॅलन्सच्या कडेवरची छोटी वजनं फिरवून जडत्व बदलतात. धक्क्यानं सेटिंग हलत नाही, स्प्रिंगला कुठे अडकायलाही जागा नाही. पण कोपऱ्यावरच्या दुकानात ‘जरा पुढे पळतंय, दोन मिनिटांत करून देतो’ हा प्रकार इथे चालत नाही. योग्य हत्यार नसेल तर वजनं असमान फिरतात आणि बॅलन्सचा तोल जातो. मग घड्याळ आडवं ठेवल्यावर बरोबर आणि उभं धरल्यावर भलतंच चालू लागतं.

अचूकतेचे आकडे वाचताना फसगत होते, म्हणून तेही. ग्रँड सेकोची चाचणी १७ दिवसांची, सहा स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत होते. स्विस क्रोनोमीटरची १५ दिवसांची, पाच स्थितींत. जादा स्थिती म्हणजे १२ वर. त्या चाचणीत सरासरी रोजचा फरक अधिक ५ ते उणे ३ सेकंदांत बसावा लागतो. पण हा आकडा केसमध्ये बसवण्याआधीच्या मशीनचा आहे. मनगटावरच्या वापरासाठी हाय-बीट, म्हणजे तासाला ३६,००० ठोक्यांच्या, मशीनचं लक्ष्य अधिक ८ ते उणे १ असतं. म्हणजे महिन्याला चार मिनिटं पुढे गेलं तरी कंपनीच्या दृष्टीनं ते निरोगी आहे. रोज एक-दोन सेकंदांवर अडून बसणार असाल तर स्प्रिंग ड्राइव्ह घ्या, वाद मिटला.

स्वतः मोजायचं असेल तर घड्याळ पूर्ण चावी देऊन आठवडाभर नेहमीसारखं घाला. सेकंद काटा १२ वर येताच क्राउन (बाजूचं चावीचं बटण) ओढून काटा थांबवा, फोनच्या वेळेशी मिळवा आणि सोडा. रोज सकाळी एकाच वेळी फरक लिहा. पहिला दिवस हिशेबात धरू नका. मग रात्री ठेवण्याची स्थिती बदलून बघा: काही दिवस डायल वर, काही दिवस क्राउन वर, काही दिवस क्राउन खाली. बहुतेक घड्याळांत एका स्थितीत ते किंचित पुढे आणि दुसरीत मागे जातं. ती स्थिती सापडली की दिवसभराची भूल रात्री आपोआप फिटते. टाइमग्राफरवर (ठोके ऐकून वेग मोजणाऱ्या यंत्रावर) लावायचं तर ३६,००० चा वेग निवडलाय ना ते बघा. आणि ९एसए५ चे दोन टोले वेगवेगळ्या प्रकारचे असल्यानं यंत्राचा ५२ अंशांचा ठरावीक लिफ्ट अँगल (बॅलन्सला टोला मिळताना तो फिरतो तेवढा कोन) ठेवून दिसणारा झोका आणि बीट एरर (टिक आणि टॉकमधल्या वेळांचा फरक) प्रमाण मानू नका. वेगाचा आकडा विश्वासाचा, बाकीचे दोन संशयाचे.

बिघाडांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे चुंबक. या घड्याळांची चुंबकरोधकता ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे सुमारे ६० गाउस. चुंबकापासून पाच सेंटीमीटर लांब ठेवायचं, हा साधा नियम. टॅबचं चुंबकी कव्हर, फोनचं वायरलेस चार्जर, ब्लूटूथ स्पीकर, पर्सचं बटण, इंडक्शन शेगडी. घड्याळ यांना टेकवून ठेवलं की मर्यादा सहज ओलांडली जाते. लक्षण ठरलेलं: काल ठीक असलेलं घड्याळ आज अचानक काही मिनिटं पुढे. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून तिची कामाची लांबी घटते. खात्रीसाठी साध्या होकायंत्राजवळ घड्याळ न्या; सुई हलली तर चुंबक लागलंय. (ऑटोमॅटिकमध्ये स्टीलचे भाग असतातच, तेव्हा किंचित थरथर नव्हे, सुई स्पष्ट फिरायला हवी.) चुंबक उतरवायचं तर डीमॅग्नेटायझर या छोट्या यंत्रावर घड्याळ धरा, बटण दाबा, दाबलेलं असतानाच घड्याळ हळूहळू हातभर लांब न्या आणि मगच बटण सोडा. जवळ असतानाच सोडलं तर चुंबक उलट पक्कं बसतं. स्प्रिंग ड्राइव्हच्या घड्याळावर हे स्वतः घरी करू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या.

दुसरा बिघाड तारखेचा. रात्री नऊनंतर आणि पहाटे चारच्या आधी काटे त्या पट्ट्यात असताना तारीख घाईनं बदलू नये. तारखेची चाकं तेव्हा गुंतलेली असतात आणि दात तुटू शकतो. सवयच लावा: बंद पडलेलं घड्याळ हातात घेतलं की आधी काटे सहाच्या आसपास आणा, आदल्या दिवसाची तारीख लावा, मग काटे पुढे फिरवत मध्यरात्र ओलांडा. तारीख बदलली की ती मध्यरात्र. त्यावरून सकाळ-संध्याकाळही पक्की होते. बंद ऑटोमॅटिकला हलवून हलवून सुरू करू नका. क्राउनला वीसेक वळसे द्या आणि घाला.

पाणी आणि दमटपणा. दोन्ही घड्याळं १०० मीटरची, त्यामुळे पाऊस, हात धुणं, पोहणं यांची भीती नको, पण क्राउन पूर्ण आत असेल तरच. स्क्रू होणारा क्राउन बंद करताना आधी किंचित उलटा फिरवा, आटा बसल्याचा हलका ठेचका जाणवला की मग सुलटा. सरळ जोर लावला तर आटे मरतात आणि ती दुरुस्ती महागात जाते. गरम पाण्याची आंघोळ टाळा. रबरी गॅस्केट उष्णतेनं सैल आणि साबणानं कडक होतं. समुद्रात उतरलात तर नंतर गोड्या पाण्यानं धुवा. एसीतून दमट हवेत आल्यावर काचेच्या बाहेरून वाफ धरली तर पुसली जाते, काही नाही. आतून धरली, अगदी दहा मिनिटांत नाहीशी झाली, तरी त्याच दिवशी दुकान गाठा, कारण गेलेली वाफ मशीनमध्येच कुठेतरी बसलेली असते आणि दोन-तीन महिन्यांत पोलादी भागांवर गंज दिसतो. चामडी पट्टा हौसेनं घेतलात तर जून ते सप्टेंबर तो कपाटातही ठेवू नका. हवेशीर जागी, सिलिकाच्या पुडीसोबत ठेवा, नाहीतर बुरशी. या दोघांना त्यांचं धातूचं ब्रेसलेटच आपल्या हवेत बरं.

सर्व्हिसचा कंपनीचा सल्ला तीन ते चार वर्षांनी. त्याआधी किंवा नंतर न्यायचं का, हे घड्याळालाच विचारता येतं. ‘व्हाइट बर्च’ शुक्रवारी संध्याकाळी सहाला पूर्ण चावी देऊन डायल वर करून ठेवा. मंगळवारी पहाटे दोनच्या सुमारास ८० तास पुरे होतात. सोमवारी सकाळीच बंद पडलं तर तेल सुकलंय, कॅलेंडर काहीही म्हणो. ‘स्नोफ्लेक’मध्ये डायलवरच चावीचा दर्शक आहे, ७२ तासांचा, त्यामुळे तिथे हा हिशेब आणखी सोपा. घड्याळ सर्व्हिसला देताना एक वाक्य पावतीवर लिहून घ्या: केस पॉलिश करू नये. न सांगता बफ मारून देणं हा अनेक ठिकाणी पाहुणचाराचा भाग समजला जातो. मशीनचं काम कुठे होणार, इथे की जपानला पाठवून, आणि किती आठवडे लागतील, हे घड्याळ विकत घेतानाच विचारा, बिघडल्यावर नाही.

राहिला निवडीचा प्रश्न. हातावरचा फरक कागदावरच्या आकड्यांतूनच बराच कळतो. ‘व्हाइट बर्च’ ४० मिमी, जाडी ११.७, लगपासून लगपर्यंत ४७, आणि वजन १७८ ग्रॅम. ‘स्नोफ्लेक’ ४१ मिमी, जाडी १२.५, लग ते लग ४९, वजन फक्त १०० ग्रॅम, कारण टायटॅनियम. मनगटाचा सपाट भाग, घेर नव्हे, पट्टीनं मोजा. तो ४९ मिमीपेक्षा कमी असेल तर ‘स्नोफ्लेक’चे लग्स कडेला लोंबतील. शर्टाची बाही घट्ट असेल तर जाडीतला पाऊण मिलिमीटरसुद्धा जाणवतो. वजनाबाबत लोकांचे दोन सरळ तट आहेत: काहींना हलकं घड्याळ म्हणजे स्वस्त वाटतं, काहींना दुपारपर्यंत स्टीलचं ओझं होतं. दोन्ही घड्याळं प्रत्येकी वीस मिनिटं तरी हातात ठेवा. ‘व्हाइट बर्च’चं स्टील घड्याळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ३१६एल स्टीलपेक्षा गंजाला अधिक दाद न देणारं आणि रंगानं थोडं पांढरं आहे. घामट हातांसाठी दोन्ही धातू चांगले, पण टायटॅनियम अंगाला कमी चटका देतं आणि कमी गार लागतं.

माझं मत विचाराल तर मेकॅनिकल हवं ही अट पक्की असेल आणि बजेट ताणता येत असेल, तर ‘व्हाइट बर्च’. बजेट ताणायचं नसेल तर ‘स्नोफ्लेक’कडे वळण्याआधी ९एस८५ मशीनची ‘रिक्का’ किंवा ‘शुउबुन’ बघा. ५५ तास आणि जुनं एस्केपमेंट, पण कोणत्याही जाणत्या कारागिराला सरळ कळणारं मशीन. आणि मेकॅनिकलचा आग्रह केवळ नावापुरता असेल, तर ‘स्नोफ्लेक’ रोजच्या वापरात दोघांपेक्षा निर्धोक आहे.

ब्रेसलेटचं तेवढं दुकानातच उरका. ‘व्हाइट बर्च’च्या क्लॅस्पमध्ये, म्हणजे ब्रेसलेटच्या बकलमध्ये, बारीक सैल-घट्ट करण्याची सोय नाही आणि मुंबईत मे महिन्यात मनगट सुजतं. संध्याकाळी, चालून आल्यावर माप द्या, सकाळी एसीत नको. घड्याळ आणि मनगट यांच्यात करंगळी कशीबशी जाईल एवढी जागा ठेवा, आणि गरज पडल्यास पूर्ण कडीऐवजी अर्धी कडी वापरायला सांगा. ‘स्नोफ्लेक’च्या कड्या पिन आणि बारीक नळीनं जोडलेल्या असतात, पिन काढताना ती नळी टेबलावरून कुठेही उडते आणि तिच्याविना बसवलेली कडी पंधरा दिवसांत निघते. कड्या काढून झाल्यावर काढलेल्या कड्या, पिना आणि नळ्या मोजून घ्या, पुडीत घालून डब्यात ठेवा. पुढेमागे घड्याळ विकायला काढलंत तर ही पुडी नाही म्हणून गिऱ्हाईक हमखास भाव पाडतं.